घरचे दप्तर आणि संगणकातील फाईल

(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण. सभासद कुटुंबांच्या आग्रहावरून येथे छापले आहे.)



या मेळाव्यात आम्ही चार शब्द बोलावेत असा आग्रह चिटणीसांनी धरला, तेव्हा आम्ही प्रथम नकारच दिला. आमचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. सारी हयात प्राथमिक शाळेत मुलांकडून पाढे पाठ करून घेण्यात गेली. त्यात विषय सुचविला तो संगणकावरील पीडीएफ फाईल कशा ठेवाव्यात आणि कशा जपाव्यात हा! ज्ञातीत आता एवढे अभियंते झाले असता या विषयावर एका सेवानिवृत्त गुरुजीने बोलणे म्हणजे अधिकाराबाहेरचे काम होय, असे आम्ही म्हणालो. त्यावर चिटणीस हसून उत्तरले, “गुरुजी, तरुणांना सगळे येते, पण ते सांगत बसत नाहीत. तुम्ही ठेच खाऊन शिकलात, तेव्हा तुम्हीच सांगा.” हे म्हणणे आम्हांस पटले. ठेच कशी लागली तेही पुढे सांगणार आहोत.

कागद जपणे ही आपल्याकडे नवी गोष्ट नाही. आपल्या वाडवडिलांपाशी लाकडी पेटी असे, पुढे पत्र्याची ट्रंक आली. तिच्या तळाशी कडुनिंबाचा वाळलेला पाला, वर धुतलेल्या जुन्या कापडात बांधलेले कागद. खरेदीखत, सारा भरल्याच्या पावत्या, मुंजीच्या वा लग्नाच्या याद्या, कोणाचे दोन-चार मोडी कागद. पावसाळा सरला, आश्विनाचे ऊन पडले की ते कागद अंगणात सुपात घालून उन्हे दाखवीत. कापडात बांधलेल्या कागदांच्या अशा गठ्ठ्याला दप्तरखान्यात ‘रुमाल’ म्हणतात. पुण्याच्या पेशवे दप्तरातील कागद अशा रुमालांत बांधलेले होते. इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव हिंडले ते अशा घरोघरच्या रुमालांसाठी. त्यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या ग्रंथमालेचा पहिला खंड १८९८ साली निघाला आणि पुढे असे बावीस खंड झाले. ज्या घरांनी कागद राखले, त्यांचे पूर्वज इतिहासात बोलू लागले. ज्यांचे कागद वाळवीने खाल्ले किंवा बंबात गेले, त्यांचे पूर्वज मुके राहिले.

आता हा सारा इतिहास कशाला, असे कोणी म्हणेल. आपल्या ज्ञातीस जुन्या कागदाची गरज केवळ इतिहासाकरिता नाही, पोटाकरिता आहे, हे येथे बसलेल्या प्रत्येक पालकास ठाऊक आहे. जातीच्या दाखल्याची पडताळणी करून घेण्याचा कायदा महाराष्ट्रात झाला तो २००१ चा तेविसावा कायदा होय. त्यानुसार मुलास वा मुलीस राखीव जागेवर व्यावसायिक शिक्षणासाठी प्रवेश घ्यावयाचा, तर वैधता प्रमाणपत्र हवे. ते मिळविताना जुना पुरावा पुढे ठेवावा लागतो. अनुसूचित जातींस १० ऑगस्ट १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींस २१ नोव्हेंबर १९६१ आणि आपल्यासारख्या इतर मागास वर्गीयांस १३ ऑक्टोबर १९६७ हा त्यासाठी ठरलेला दिनांक आहे. त्या दिनांकापूर्वीचा, ज्यावर पूर्वजाची जात लिहिली आहे असा कागद घरात असणे ही आज एखाद्या दागिन्याहून मोलाची गोष्ट झाली आहे. दागिना पुन्हा घडविता येतो. १९३१ सालची नोंद पुन्हा लिहिता येत नाही.

आता आमची ठेच. आमचे कैलासवासी तीर्थरूप १९३१ साली गावच्या शाळेत पहिलीत दाखल झाले. शाळेच्या दाखल-खारीज नोंदवहीत त्यांचे नाव, आजोबांचे नाव, जन्मतारीख आणि जात स्पष्ट अक्षरांत लिहिलेली आहे. त्या नोंदीचा सहीशिक्क्याचा उतारा आम्ही २०१४ साली काढून आणला. चिरंजीवांनी तो दुकानात स्कॅन करविला, त्याची पीडीएफ फाईल घरच्या संगणकात घातली आणि आम्हांस म्हणाले, “दादा, आता काळजी नाही.” आम्हीही काळजी सोडली. मूळ उतारा ट्रंकेत, ट्रंक माजघरात, संगणक त्याच माजघरातील टेबलावर.

२०१९ च्या ऑगस्टात कृष्णेला पूर आला. सांगली-कोल्हापूरकडील मंडळींना तो वेगळा सांगावयास नको. आम्ही अंगावरच्या वस्त्रांनिशी बाहेर पडलो. परत आलो तेव्हा माजघरात गुडघाभर गाळ होता. ट्रंकेतील कागदांचा लगदा झालेला, संगणकातून चिखल गळत होता. कागद आणि त्याची नक्कल, दोन्ही एकाच पाण्यात बुडाली. त्याच वर्षी आमच्या थोरल्या बंधूंच्या नातीचा पडताळणीचा अर्ज भरावयाचा होता. पोर विज्ञान शाखेत शिकत होती, वैद्यकीय प्रवेशाची तयारी करीत होती, आणि आमच्या शाखेतला १९६७ पूर्वीचा एकमेव कागद नदीने नेला होता.

तेव्हा चिरंजीवांना आठवले की तो उतारा आपण कधी तरी मुंबईच्या आतेभावास ईमेलने धाडला होता. आतेभावाने शोधण्यास आरंभ केला. पण शोधावयाचे कोणत्या नावाने? दुकानदाराच्या यंत्राने फाईलला जे नाव दिले होते तेच कायम होते; ‘स्कॅन’ हा शब्द आणि पुढे चार आकडे. त्यावरून तो कागद दाखला आहे की किराण्याची यादी, हे ब्रह्मदेवासही कळले नसते. त्या सद्गृहस्थाने दोन रात्री जागून पाच वर्षांची टपाले एकेक करून उघडली, तेव्हा कोठे तीर्थरूपांचे नाव पडद्यावर दिसले.

येथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यावी. ती फाईल म्हणजे मूळ पुरावा नव्हे. पण तिच्यावर नोंदीचा अनुक्रमांक होता, वर्ष होते, वहीचा क्रमांक होता. आमचे मूळ गाव माळावर, तेथे पुराचे पाणी चढले नव्हते. तेवढा क्रमांक घेऊन बंधू शाळेत गेले. मुख्याध्यापकांनी पाव तासात वही काढली आणि नवा उतारा दिला. क्रमांक नसता तर कोणत्या वहीत, कोणत्या पानावर शोधावयाचे, हे सांगणारे माणूस घरात उरले नव्हते. मुलीचे प्रमाणपत्र वेळेत झाले. पण ज्या मास्तराने सदतीस वर्षे शाळेत नोंदवह्या लिहिल्या, प्रत्येक कागदावर आवक क्रमांक टाकल्याशिवाय जो कागद हातावेगळा करीत नसे, त्याने आपल्या घरच्या कागदास नाव देखील दिले नव्हते, ही लाज आमच्या मनातून अद्याप गेलेली नाही. अपराध ना दुकानदाराचा, ना नदीचा, आमचा.

त्या दिवसापासून आम्ही या विषयाचे विद्यार्थी झालो. जे शिकलो ते आपणांपुढे ठेवतो.

प्रथम, पीडीएफ ही चीज काय आहे? त्या इंग्रजी नावाचा अर्थ, कोठेही नेता येईल असे कागदपत्राचे रूप. जॉन वॉर्नॉक नामक अमेरिकन गृहस्थांनी १९९१ साली ही कल्पना मांडली आणि त्यांच्या अडोबी कंपनीने १९९३ साली ती प्रत्यक्षात आणली. कल्पना अशी की एका यंत्रावर कागद जसा दिसतो, तसाच तो जगातल्या कोणत्याही यंत्रावर दिसावा. आपल्या मराठी मंडळींना याचे मोल चटकन पटेल. एका दुकानात टाईप केलेली लग्नपत्रिका दुसऱ्या दुकानात उघडावी आणि ‘श्री गणेशाय नमः’ च्या जागी कावळ्याचे पाय दिसावेत, हा अनुभव ज्यांनी घेतला आहे त्यांनी घेतला आहे. कारण तो विशिष्ट अक्षरसंच दुसऱ्या यंत्रात नसतो. पीडीएफमध्ये अक्षरांची वळणे फाईलच्या पोटातच भरून पाठविता येतात. २००८ साली हे रूप आंतरराष्ट्रीय मानक ठरले. ते कोणा एका कंपनीच्या मर्जीवर राहिले नाही. दीर्घकाळ जपावयाच्या कागदांसाठी तर ‘पीडीएफ-ए’ नावाचा एक कडक प्रकार २००५ सालीच ठरविला गेला, ज्यात अक्षरसंच आत भरणे सक्तीचेच आहे. तात्पर्य, आपल्या वाडवडिलांच्या कागदास या काळात जो रुमाल बांधावयाचा, तो हाच योग्य.

आता जपण्याची रीत. आम्ही ती पाच गोष्टींत सांगतो.

पहिली गोष्ट, पाहणे म्हणजे ठेवणे नव्हे. संकेतस्थळावर सातबाराचा उतारा उघडला, पडद्यावर दिसला, मनाचे समाधान झाले, खिडकी मिटली. तो कागद आपल्याकडे आला असे नव्हे. आपण तो दुसऱ्याच्या ओसरीवर उभे राहून पाहिला एवढेच. खाली बाण असलेले चिन्ह दाबून तो आपल्या यंत्रात उतरवून घेतला पाहिजे. व्हॉट्सॲपवर आलेल्या कागदाचेही तसेच. आज दिसतो म्हणून वर्षभराने दिसेलच असे नाही. त्याच वेळी उतरवून बाजूला ठेवावा. शुल्काची पावती, मुलाचा निकाल, अर्ज पोहोचल्याची पोच, हे संकेतस्थळावर कायम राहत नाही. ज्या पानावर उतरवून घेण्याची सोय नसते, तेथे छपाईची आज्ञा द्यावी आणि छपाईयंत्राच्या जागी ‘प्रिंट टू पीडीएफ’ हा पर्याय निवडावा. २०१५ साली आलेल्या विंडोज १० पासून ही सोय संगणकातच असते. कागद न खर्चिता कागद हाती येतो.

जुना कागद स्कॅन करावयाचा तर इंचास तीनशे बिंदू एवढी सूक्ष्मता ठेवावी; छपाई व हस्ताक्षर त्यात स्वच्छ उमटते. शिक्का रंगीत असेल तर रंगीतच घ्यावे. कागदाची मागची बाजू कोरी वाटली तरी घ्यावी, कारण शेरा बहुधा पाठीमागेच असतो. अर्जासाठी फाईल लहान करावी लागते, हे खरे. पण लहान करावयाची ती नक्कल. मूळ मोठी फाईल तशीच राहू द्यावी. एकदा लहान करताना गेलेले अक्षर पुन्हा मोठे करून परत येत नाही. आणि फाईल लहान करून देतो म्हणणाऱ्या अनोळखी संकेतस्थळांवर घरचे आधारपत्र वा खरेदीखत चढवू नये. आपला कागद कोणाच्या घरी ठेवला गेला हे आपणांस कळत नाही.

दुसरी गोष्ट, नाव. बारशाशिवाय मूल आणि नावाशिवाय फाईल घरात ठेवू नये. नाव असे असावे की फाईल न उघडता कागद ओळखता यावा. आम्ही आधी वर्ष, मग व्यक्ती, मग विषय असा क्रम ठेवतो. उदाहरणार्थ, ‘१९३१-तीर्थरूप-शाळानोंद-उतारा’. वर्ष आधी घातले की संगणक सारे कागद आपोआप कालक्रमाने लावतो, शाळेच्या नोंदवहीसारखे. पूर्ण तारीख घालावयाची तर वर्ष, महिना, दिवस या क्रमाने घालावी, महिना व दिवस दोन-दोन अंकी लिहावेत. अन्यथा काही ठिकाणी दहावा महिना दुसऱ्याच्या आधी जाऊन बसतो. आम्हा मास्तरांना तारखेत तिरपी रेघ मारण्याची सवय. विंडोज ती रेघ नावात घेत नाही. प्रश्नचिन्ह, तारका, दुहेरी अवतरणचिन्ह ही देखील घेत नाही. म्हणून मध्ये आडवी लहान रेघ घालावी. नाव देवनागरीत लिहिले तरी संगणकाची तक्रार नसते. मात्र काही संकेतस्थळे अर्जासोबत रोमन अक्षरांतीलच नाव मागतात, तेव्हा त्या नकलेस तसे नाव द्यावे.

नुसते ‘नवीन’, ‘फायनल’, ‘फायनल दोन’ अशी नावे देऊ नयेत. आज जे नवीन ते पुढच्या संक्रांतीस जुने होते. तीच फाईल दोनदा उतरविली तर नावापुढे कंसात एकचा आकडा येतो, तिसऱ्या वेळी दोनचा. एका घरी एकाच वीजबिलाच्या नऊ प्रती आम्ही मोजल्या आणि मुलीच्या जन्मदाखल्याची एकही सापडली नाही!

तिसरी गोष्ट, जागा. उतरविलेली प्रत्येक फाईल ‘डाउनलोड्स’ नावाच्या खणात जाऊन पडते. तो खण म्हणजे घराचा उंबरठा आहे. आलेली वस्तू तेथे ठेवावी, पण तेथेच राहू देऊ नये. संगणकात ‘घरचे दप्तर’ अशा नावाचा एकच मोठा फोल्डर करावा. त्यात माणसांच्या नावाचे फोल्डर असावेत, आणि एक घर-जमिनीचा, एक कुळाचा. एवढे पुरे. फोल्डरात फोल्डर, त्यात पुन्हा फोल्डर असे सात माड्यांचे वाडे बांधणाऱ्यास शेवटी आपलाच जिना सापडत नाही. एका घरास पुरेल अशी व्यवस्था तीच, जी घरातील सर्वांत वृद्ध माणसाला एकदा सांगून कळते.

येथेच सहीची एक सूचना. आज सातबारासारखे कित्येक शासकीय उतारे डिजिटल सहीने मिळतात. ती सही म्हणजे पानावर दिसणारे चित्र नव्हे. ती फाईलच्या अंतरंगात असते आणि संगणकाकडून तिची परीक्षा करता येते. असा उतारा कागदावर छापून पुन्हा स्कॅन केला, अथवा पुन्हा छपाईच्या वाटेने त्याची दुसरी पीडीएफ केली, तर दिसावयास पान तेच, पण सही नाहीशी झालेली असते. म्हणून सहीची फाईल जशी आली तशीच, एक अक्षर न बदलता जपावी. नाव मात्र खुशाल बदलावे, त्याने सहीस बाध येत नाही. केंद्र शासनाने २०१५ साली सुरू केलेल्या डिजिलॉकरमध्ये खात्याने स्वतः जारी केलेला दस्तऐवज मूळ दस्तऐवजाच्या बरोबरीचा मानावा, अशी नियमात तरतूद आहे. आपण स्वतः स्कॅन करून तेथे चढविलेल्या कागदास तो मान नाही. तेव्हा स्कॅन केला म्हणून मूळ कागद रद्दीत देण्याचे साहस कोणी करू नये. आमच्या कानावर अशी उदाहरणे आली आहेत, म्हणून मुद्दाम सांगतो.

चौथी गोष्ट, प्रती. एक प्रत म्हणजे शून्य प्रत असे समजावे. जाणकार तीन प्रती ठेवावयास सांगतात. त्या दोन निरनिराळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि त्यांपैकी एक तरी घराबाहेर असावी. या नियमातील शेवटचा भाग आम्ही कृष्णेकडून शिकलो. संगणकात एक, पेन ड्राइव्हवर वा बाहेरच्या हार्ड डिस्कवर दुसरी आणि तिसरी परगावच्या भावाकडे, लेकीकडे अथवा इंटरनेटवरील साठवणीत. पेन ड्राइव्हवरील फाईल पुसली तर ती बहुधा संगणकाच्या केराच्या टोपलीत जात नाही, थेट नाहीशी होते. आणि पेन ड्राइव्ह वर्षानुवर्षे कपाटात पडून राहिला तर त्यातील मजकूर क्षीण होण्याचा संभव असतो. म्हणून केवळ त्याच्यावर विसंबू नये.

नातेवाइकास व्हॉट्सॲपवर कागद धाडावयाचा तर त्याचे छायाचित्र म्हणून धाडू नये. ‘डॉक्युमेंट’ म्हणून धाडावा. छायाचित्र वाटेत लहान केले जाते, डॉक्युमेंट जसे आहे तसे पोहोचते. पण ज्ञातीच्या समूहावर, जेथे तीनशे माणसे आहेत, तेथे मुलीचे आधारपत्र वा जन्मदाखला टाकू नये. जपणे म्हणजे उधळणे नव्हे. दुकानात स्कॅन करविला तर तेथील संगणकावरची प्रत आपल्यासमोर पुसून घ्यावी, आणि केराच्या टोपलीतूनही काढावी. दुकानदारावर अविश्वास म्हणून नव्हे. आपले कागद आपल्या घरी असावेत म्हणून.

आपल्याकडे दसऱ्याला पाटीवर सरस्वती काढून पुस्तकांची पूजा होते. आम्ही २०१९ पासून असा नेम केला आहे की त्या दिवशी पूजा आटोपली की तिन्ही प्रती उघडून पाहावयाच्या. फाईल आहे एवढे पाहून चालत नाही. उघडते का, शेवटचे पान दिसते का, हे पाहावे. वाडवडील आश्विनात कागदांना ऊन दाखवीत; आम्ही त्याच महिन्यात फाईलींना दाखवितो.

पाचवी गोष्ट सर्वांत मोठी. ही व्यवस्था एकट्याच्या डोक्यात राहू नये. आमच्या परिचयाचे एक अत्यंत नेटके गृहस्थ होते. विमा, ठेवी, मृत्युपत्राचा मसुदा, सारे पीडीएफ करून त्यांनी प्रत्येक फाईलला पासवर्ड घातला होता. २०२१ साली ते अकस्मात गेले. संगणक आहे, फाईल आहेत, नावेही सुरेख दिलेली. आणि घरातील एकाही माणसास एकही फाईल उघडता येईना. त्यांच्या पत्नीने आमच्यासमोर संगणकाकडे बोट दाखवून म्हटले, “गुरुजी, यांनी सगळे जपून ठेवले, फक्त आमच्यापासून.” त्या माउलीचे शब्द आम्हांस रात्री झोपेत ऐकू येतात.

म्हणून घरच्या दप्तराची एक सूची करावी आणि ती कागदावर छापून ट्रंकेत किंवा देवघराच्या खणात ठेवावी. कोणता कागद, मूळ प्रत कोठे, फाईलचे नाव काय, प्रती कोणाकडे, एवढे चार रकाने पुरेत. पासवर्ड निराळ्या वहीत लिहून ती वही कोठे आहे हे दोघांना तरी ठाऊक असावे, आणि त्यांपैकी एक घरची गृहिणी असावी. कागद कोठे आहे हे घरोघरी तिलाच विचारतात. मग संगणकातील कागदापुरते तिला परके का ठेवावे? मुलांनी आईस फाईल उघडण्यास शिकवावे. आम्ही साठीच्या घरात शिकलो. ती आमच्याहून लवकर शिकेल. शिकविताना मात्र यंत्र तिच्या हाती द्यावे. तिच्या हातून ओढून घेऊन ‘हे बघ, झाले’ म्हणणारा शिक्षक वर्गात नापास होतो, हे चाळीस मुलांच्या वर्गावर उभे राहून आम्ही सांगू शकतो.

शेवटी आपल्या मंडळाविषयी दोन शब्द. आपल्या जुन्या स्मरणिका कपाटात आहेत. त्यांत विवाह, बक्षिसे, निधनवार्ता, देणगीदारांच्या याद्या आहेत. कोण कोणत्या गावचा, कोणाचा कोण, हे आहे. त्या स्कॅन करण्याचा ठराव यंदा व्हावा अशी आमची विनंती आहे. मात्र एक ध्यानात असावे. स्कॅन केलेले पान हे संगणकाच्या दृष्टीने चित्र असते; त्यात एखादे आडनाव शोधू म्हटले तर सापडत नाही. अक्षरे ओळखणारी प्रणाली तिच्यावर चालवावी लागते, आणि जुन्या छपाईतील जोडाक्षरांशी ती कधी कधी हार मानते. अलीकडच्या काही अंकांच्या फाईल छापखान्यातून आल्या आहेत, पण त्या युनिकोडपूर्व अक्षरसंचांत जुळविल्यामुळे त्यांतही शोध लागत नाही. यास उपाय साधा आहे. प्रत्येक अंकाची अनुक्रमणिका व त्यातील आडनावे आणि गावे युनिकोड मराठीत टाईप करावीत. आपल्या महाविद्यालयीन मुलामुलींनी दिवाळीच्या सुटीत एकेक अंक घेतला तर काम उरकेल. जुनी नावे वाचून सांगण्यास आम्हा म्हाताऱ्यांना शेजारी बसवावे. हयात व्यक्तींचे पत्ते व जन्मतारखा मात्र सर्वांस खुल्या ठेवू नयेत.

मित्रहो, आमच्या नातीचे वैद्यकीय शिक्षण आता अखेरच्या टप्प्यावर आहे. तिच्या प्रवेशाच्या कागदांत सर्वांत वरचा कागद म्हणजे सहा वर्षांच्या एका मुलाचे नाव आहे, ज्याला १९३१ साली त्याच्या निरक्षर बापाने हात धरून शाळेत नेऊन बसविले. त्या बापाने आपले काम केले. लिहिणाऱ्या मास्तरांनी शुद्ध अक्षरात जात, जन्म, नाव लिहून आपले काम केले. मध्ये आम्ही साक्षर लोकांनी तो कागद जवळजवळ गमावला होता. तशी वेळ आपणांपैकी कोणावर न यावी, एवढ्यासाठी हा खटाटोप.

आज घरी गेल्यावर सारे दप्तर लावावयास बसू नये. कंटाळा येईल आणि काम राहून जाईल. घरातील सर्वांत जुना एकच कागद काढावा, स्कॅन करावा, त्यास नाव द्यावे आणि एक प्रत परगावच्या नातलगाकडे धाडावी. उरलेले दसऱ्यापर्यंत होईल.